दाजींचा उजवा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर याही वेळी गाडीचा विषय काढून मी निसटलो असतो. मला ते छान जमतं.

शाहूपुरीत माझं गॅरेज आहे. लहानपणापासून मला एक खोड आहे — आत काय आहे ते बघितल्याशिवाय राहवत नाही. घरातलं घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, शेजारच्या काकूंची शिलाई मशीन त्या देवळात गेल्या असताना उघडली. आई म्हणायची, ‘ह्येच्या बोटांस्नी खाज हाय.’ त्या खाजेवरच मी पोट भरतोय, तेव्हा तिला नावं ठेवायची सोय नाही. पण ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

माझी थोरली बहीण मुरगूडला दिली. तिचे यजमान, आमचे दाजी, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. अतिशय जपून वागणारा माणूस. छत्रीसुद्धा घडीवर घडी बसवून मिटणार. चाळिशी उलटल्यावर त्यांनी गाडी शिकायची ठरवली आणि शिकवायला मला बोलावलं. गावाबाहेरच्या मैदानावर मी त्यांना सांगितलं होतं, ‘दाजी, एक्सलरेटरखाली अंडं हाय असं समजा.’ मग ते प्रत्येक वेळी पाय टेकवला की विचारायचे, ‘विलास, बघ रं, बरोबर दाबतोय न्हवं?’ मी वाकून त्यांच्या पायाकडे बघायचो आणि म्हणायचो, ‘एक नंबर.’ गाडी यायला लागली तसे ते थोडे ताठ चालायला लागले, असं ताई सांगायची. सुटीच्या दिवशी तिला घेऊन कुठे कुठे जायचे. वळण आलं की हॉर्न, कुत्रं दिसलं की ब्रेक. घरात सगळे हसायचे.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या डिझेल गाडीचा टर्बो गेला. शिट्टीसारखा आवाज, मागून निळा धूर. टर्बो म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो, आणि हवा जास्त म्हणजे ताकद जास्त. साधी गोष्ट. पण पंखा मोठा असेल तर? मग तो गती घ्यायला वेळ लावतो. तोवर गाडी ढिम्म. आणि एकदा का फिरला, की पाठीत लाथ बसल्यासारखी पळते.

माझ्याकडे तेव्हा एका मोठ्या जीपचा टर्बो पडून होता. धडधाकट. महिनोन् महिने त्याच्याकडे बघून मी विचार करत होतो — हा छोट्या इंजिनाला बसवला तर? किती उशिरा जागा होईल? इंजिन सोसेल का? स्वतःच्या गाडीवर हे करून बघायची माझी हिंमत नव्हती, कारण ती रोजच्या धंद्याची. गिऱ्हाइकाची गाडी? छे, गिऱ्हाईक चार प्रश्न विचारतं.

जावई विचारत नाही. हे आमच्याकडचं मला नेमकं ठाऊक होतं. जावयाच्या गाडीला बिल लावायचं नसतं आणि फुकटच्या कामाला जावई नावं ठेवत नाही. सासुरवाडीनं ताटात वाढलं ते तो खातो. तुम्हीच सांगा, प्रयोगाला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? — असं मी तेव्हा स्वतःला विचारलं होतं, अगदी याच शब्दांत, आणि हसलोही होतो.

उद्यमनगरातल्या लेथवर जोडाची पट्टी करून घेतली. पाइप वाकवले. डिझेलची मात्रा थोडी वाढवली. आणि जोतिबाच्या घाटात गाडी एकटा घेऊन गेलो. काय सांगू! वळणावर दाबलं — काही नाही. काही नाही. मनात म्हटलं, फसलं. आणि मग ती शिट्टी चढत गेली आणि गाडी अशी उठली की मी काचा बंद करून मोठ्यानं ओरडलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

मग मी टर्बो उतरवला का? नाही. दाजी ताशी चाळीसच्या वर गाडी नेत नाहीत, त्यांना याचा पत्ताही लागायचा नाही, असं ठरवलं. पण खरं तर मला तेच बघायचं होतं — पत्ता लागतो का. ज्याला काहीच सांगितलेलं नाही अशा माणसाच्या पायाला हा फरक कळतो का? दाजी गाडी न्यायला आले तेव्हा आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, मी स्वतः नारळ फोडला. ‘दाजी, नवा टर्बो बसवलाय,’ एवढंच सांगितलं. त्यांच्या गाडीला तो नवाच होता, तेव्हा ते खोटं नव्हतं. अशी वाक्यं मी फार जपून बनवतो.

आठवड्यानं ते परत आले. ‘विलास, गाडी आधी मरगळल्यागत करतीया रं, मग एकदम पळतीया. काय झालंय?’

कळलं होतं! मी खूश झालो. त्यांना चहा पाजला आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. कितव्या गिअरला? चढाला की सपाटीला? दाबल्यावर किती वेळानं? त्यांनी चित्र काढावं तसं नीट वर्णन करून सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर मी म्हणालो, ‘नवा हाय दाजी, बसंल हळूहळू.’ ते ‘व्हय?’ म्हणाले आणि गेले. त्या दिवशी गाडी ठेवून घेतली असती तर दुपारपर्यंत काम झालं असतं.

ऊस तोडणीचे दिवस होते. मुरगूडच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता आणि मागे दाजींची गाडी, शेजारी ताई. रस्ता मोकळा बघून दाजींनी गाडी बाहेर काढली. दाबलं, गाडी उचलेना. अजून दाबलं, उचलेना. ट्रॅक्टरच्या बाजूला अडकलेला कुठलाही माणूस जे करेल ते त्यांनी केलं, पूर्ण दाबलं. आणि मग ती उठली. ट्रॅक्टर मागे पडला, पण पुढचं वळण त्यांना धरता आलं नाही. गाडी चर ओलांडून उसात घुसली. दाजींना खरचटण्यावर निभावलं. ताईच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

फोन आला तसा मी धावत गेलो. ताईला दवाखान्यात नेलं होतं. मी आधी शेतात गेलो. हो, आधी शेतात. बॉनेट उघडून टॉर्च लावून पंख्याची पाती बघितली. शाबूत होती, आणि मला बरं वाटलं. बहीण दवाखान्यात कण्हत असताना मला ते बरं वाटलं. ते आठवलं की माझी मलाच भीती वाटते.

दोन दिवसांनी ताईच्या घरी पुढच्या सोप्यात सगळे बसले होते. ताईच्या दिरानं मला सरळ विचारलं, ‘तुमी जाणकार हाय, गाडीत काय बिघाड हुता का?’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दाजींनी तर असं बघितलं, जणू निकाल माझ्या हातात होता. होताच की.

‘गाडीत काय न्हवतं,’ मी म्हणालो.

दाजी मान हलवत राहिले. मग खाली आपल्या पायाकडे बघून म्हणाले, ‘म्हंजे माझाच पाय चुकला म्हणायचा.’

इथे तरी बोलायचं होतं ना? बोललो की. म्हणालो, ‘वयानं हुतं दाजी. आता गाडी नगा चालवू.’

गाडी मी ओढून आणली. चेमटलेलं बॉनेट सरळ करायच्या आधी मोठा टर्बो उतरवला आणि कंपनीचा जुन्या मापाचा बसवला. गाडी आता भाचा चालवतो, झकास चालते. यावरून दाजींची खात्रीच पटली. ताईचा हात अजून पूर्ण वर जात नाही. अंबाडा दाजी घालून देतात, सुबक घालतात, आणि ती हसून म्हणते, बरं झालं मास्तरांचा हात तरी शाबूत आहे. ते हसत नाहीत. मी त्यांना कुठे नेतो तेव्हा ते शेजारी बसतात. पुढे ट्रॉली आली की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जातो, आणि लगेच ते तो मागे ओढून सीटखाली लपवतात.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हीच कबुली. मलाही वाटलं होतं, इथे थांबावं.

गेल्या महिन्यात दाजी गॅरेजवर आले. भाच्यानं गाडी तेल बदलायला सोडली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. ते गाडीभोवती फिरले, बंपरवरून हात फिरवला आणि मग दार उघडून चालकाच्या जागेवर बसले. किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी चपला काढल्या, पॅडलवर पाय ठेवला आणि अगदी हळू दाबला, मैदानावर दाबायचे तसा. खाली अंडं असतं तर फुटलं नसतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

‘विलास, बघ रं, बरोबर दाबतोय न्हवं?’

मी वाकलो, नीट बघितलं. उद्या त्यांनी पुन्हा गाडी हातात घेतली आणि पाय बरा निघाला, तर ते विचारणार — मग तेव्हा काय झालं होतं? हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं.

‘जरा जास्तच दाबताय, दाजी,’ मी म्हणालो.

त्यांनी पाय उचलला, चपला घातल्या आणि दार हळूच लावलं.