दस्तगीर मिस्त्रींच्या टेबलावरची गाडी

नारायणगावच्या स्टँडसमोर जुन्नर आणि घोडेगावकडं जाणाऱ्या जिपा लागत, तिथं पत्र्याच्या शेडखाली एक लोखंडी टेबल होतं. टेबलामागं दस्तगीर आतार बसलेले असायचे. कोणाची जीप आधी, कोणाची नंतर, हे वहीत लिहायचं आणि जीप भरली की घंटी वाजवायची, एवढंच त्यांचं काम. नवे ड्रायव्हर त्यांना नंबरवाले चाचा म्हणत. जुने मात्र मिस्त्री म्हणायचे, कारण त्यांनी दस्तगीरभाईंना जिपेखाली उताणं पडलेलं पाहिलं होतं.

तीस वर्षं त्यांचं गॅरेज होतं, खोडद रस्त्याला. नव्वद साल उलटलं तशा त्या भागात प्रवासी जिपा वाढल्या आणि बिघडलेली प्रत्येक जीप कधी ना कधी त्यांच्या दारात येऊन गेली. त्यांची ख्याती होती ती कानाची. रस्त्यावरून एखादी जीप गेली की हातातलं काम न थांबवता ते म्हणायचे, "त्याच्या मागच्या हाऊजिंगमधलं तेल सरलंय." ड्रायव्हरनं मागच्या चाकांमधल्या त्या लोखंडी पेटीचा बोल्ट काढून पाहावं तर आत ठणठणीत कोरडं.

२००५च्या थंडीत एका सकाळी त्यांच्या हातातून पाना गळून पडला. तो उचलायला वाकले तर उजवी बाजूच उचलेना. लकव्याचा झटका होता. पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून ते घरी आले. पाय सुधारला, तोंडही जागेवर आलं, बोलणं जरा रेंगाळत पण समजेल असं. उजवा हात मात्र पुरता आला नाही. अंगठा आणि दोन बोटं अशी वागत की जणू दुसऱ्याचीच आहेत. गॅरेजचं शटर खाली आलं. जीपवाल्यांचे पुढारी गेणभाऊ स्वतः घरी आले, चहा घेतला आणि उद्यापासून स्टँडवर टेबल सांभाळायचं, असं सांगूनच उठले.

इथपर्यंत सगळं दस्तगीरभाईंनी निमूटपणे घेतलं. हात गेला तर गेला, जीव वाचला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरा घोर त्यांना पुढच्या वर्षी लागला, आणि तो त्यांनी कोणाला कळू दिला नाही.

शिनोलीच्या चिमाजीची जीप होती. चढाला मागून घरघर ऐकू येते म्हणून तो एक दिवस टेबलापाशी आला आणि काय असेल ते विचारलं. दस्तगीरभाईंनी जीप जरा पुढंमागं करायला लावली, कान दिला आणि म्हणाले, "क्लचप्लेट." चिमाजीनं दोन दिवस जीप उभी करून क्लचप्लेट बदलून घेतली. चौथ्या दिवशी भीमाशंकरच्या रस्त्याला, शिनोलीच्या पुढं चढावर, चौदा माणसं भरलेली जीप मोठ्ठा आवाज करून जागेवर बसली. मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचे दाते तुटले होते. कोणाला काही लागलं नाही, माणसं चालत गेली. चिमाजी दुसऱ्या दिवशी आला आणि तक्रारीचा एक शब्दही न काढता काय तुटलं तेवढं सांगून गेला.

दस्तगीरभाईंनी तो दिवस पुन्हा आठवून पाहिला. घरघर मागून येत होती. मागून घरघर म्हणजे डिफरन्शियल, हे त्यांच्याकडं शिकलेला कोणीही झोपेत सांगेल. मग आपण क्लचप्लेट का म्हणालो? मनात बरोबर होतं आणि जिभेवर भलताच शब्द आला, की मनातच चुकीचं आलं? त्यांना आठवेना. जिभेची चूक असली तर ठीक. पण डोकंच रिकामं झालं असेल तर तीस वर्षांचं काहीच हाती उरलं नाही. डॉक्टरांना विचारायची छाती होईना, कारण डॉक्टर खरं सांगतील.

त्या दिवसापासून कोणी काही विचारलं की ते हात हलवत आणि गॅरेजात दाखव म्हणत. हळूहळू विचारणारे कमी झाले. घरातही बोलणं आटलं. बायको हाजराबी काही विचारी, ते हूं करत. दीड वर्ष असंच गेलं.

दर दोन महिन्यांनी ते पुण्याला तपासणीसाठी जात आणि कोंढव्यात लेकीकडं, रुक्सानाकडं, मुक्काम करत. दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या हर्षा मॅडम होत्या. एका वाटीतले वाटाणे चिमटीनं दुसऱ्या वाटीत टाकायचे, हा त्यांनी दिलेला व्यायाम. दस्तगीरभाई तो करायचेच नाहीत आणि मॅडमना ते हात बघूनच कळायचं. २००७च्या डिसेंबरात मॅडम रुक्सानाला म्हणाल्या, की ह्यांना वाटाण्यांत रस नाही, ज्यात रस आहे असं बारीक काम द्या.

रुक्सानाचं बालपण गॅरेजात गेलेलं. तिला दुसऱ्याच दिवशी सुचलं. कॅम्पात खेळण्यांचं मोठं दुकान आहे, तिथं ठोकळे आणि दांड्या जोडून बनवायच्या गाड्या मिळतात. अब्बांनी एक घ्यावी, जोडावी आणि स्टँडवरच्या टेबलावर ठेवावी. नवीन पोरांनाही दिसेल, की बसलाय तो नंबरवाला नाही, मिस्त्री आहे. दस्तगीरभाईंनी आधी नाही म्हटलं. मग नुसतं बघायला म्हणून गेले.

दुकानातल्या माणसानं नातवाचं वय विचारलं. रुक्सानानं वडिलांकडं बोट दाखवलं. माणूस समजूतदार होता, त्यानं हसू आवरलं आणि काचेच्या कपाटातून एक लालभडक धातूची गाडी काढून दिली. टेबलावर ठेवायला लोक हीच नेतात, म्हणाला. गाडी देखणी होती, दारं उघडत होती. दस्तगीरभाईंनी ती उलटी केली. खाली सपाट पत्रा. बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या जागी इंजिनाचा ठसा. त्यांनी ती परत ठेवली.

"ही डबी हाय," ते म्हणाले.

मग ठोकळ्यांच्या गाड्या आल्या. एक मोठा ट्रक होता, खोक्यावर हजारावर तुकड्यांचा आकडा. त्यात गिअरबॉक्ससुद्धा होता आणि दस्तगीरभाईंची नजर त्यावरून हलेना. पण स्टँडवरचं टेबल केवढं, त्यावर वही, घंटी आणि पाण्याचा तांब्या. शिवाय मनात दुसरंच होतं. हजार तुकडे जोडायला घेतले आणि अर्ध्यात सुटले तर अख्खं नारायणगाव बघेल. रुक्सानाला एक छोटी पिवळी गाडी आवडली, बाहेरून हुबेहूब, दिवेबिवे सगळं. त्यांनी तिचीही चाकं फिरवून पाहिली. दोन्ही चाकं एकाच दांडीवर होती, वळणावर घासत जाणार. मान नकारार्थी हलली.

चौथी गाडी वीतभर लांब, उघड्या सांगाड्याची, दिसायला साधी. दुकानदारानं एक जोडून नमुना ठेवला होता. दस्तगीरभाईंनी ती काउंटरवर ढकलली आणि त्यांचा हात थांबला. चाकं फिरत होती तशी बॉनेटखाली चार पिस्टन वरखाली होत होते. स्टेअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली. त्यांनी गाडी उलटी केली. पोटातून दांडा मागं गेला होता आणि मागच्या चाकांच्या मधोमध, नखाएवढ्या दातेरी चाकांचं, खरंखुरं डिफरन्शियल होतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. त्या दोघांना आपापल्या चालीनं पळू देणारं ते कोडं. त्यांनी एक चाक डाव्या हातानं फिरवलं. दुसरं उलटं फिरलं.

"हिला गिअरबॉक्स न्हाई," ते म्हणाले. "पण जे हाय ते खरं हाय. हीच घेऊ."

दुकानदारानं त्यांचा उजवा हात पाहिला होता. चांगुलपणानंच तो म्हणाला, की जोडायचा त्रास कशाला, हा नमुनाच न्या, भाव तोच. दस्तगीरभाईंनी नमुन्याची चाकं पुन्हा एकदा फिरवली. मोह मोठा होता. तयार गाडी टेबलावर ठेवली असती तर कोणी जोडली हे विचारायला कोण येणार होतं? आणि खोकं नेलं, जोडायला बसलो आणि काहीच कळेनासं झालं तर दीड वर्ष जे टाळलं ते समोरच येऊन बसणार. त्यांनी नमुना हळूच सरकवून दुकानदाराकडं दिला आणि सीलबंद खोक्यावर हात ठेवला. त्यांना एकदाचं कळायला हवं होतं.

घरी आल्यावर हाजराबीनं मोठ्या परातीत तुकडे ओतले आणि वाटीवाटीत निवडून ठेवले, काळे काळ्यांत, राखाडी राखाडीत. सकाळी नमाज झाली की स्टँडवर जाईपर्यंतचा तासभर ते गाडीला देत. पहिल्या दिवशी चार तुकडे जोडले आणि अंगठा दुखून आला. पिन निसटे, कॉटखाली जाई, हाजराबी झाडू घेऊन शोधी. खोक्यात चित्रांची पुस्तिका होती. पहिले दोनतीन दिवस ते पान न् पान बघत. मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं, की पान उलटायच्या आधीच हात पुढच्या तुकड्याकडं गेला होता. त्या दिवशी त्यांनी एकाऐवजी दोन भाकरी खाल्ल्या.

बाराव्या दिवशी गाडी पुरी झाली. त्यांनी ती फरशीवर ठेवून ढकलली. चाकं फिरली. पिस्टन हलले नाहीत.

हाजराबी चुलीपाशी होती. मागं वळून तिनं पाहिलं तर नवरा गाडीकडं नुसता बघत बसलेला, चेहरा उतरलेला. तिला वाटलं आता गाडी उचलून आदळणार. दस्तगीरभाईंच्या मनात आलं, हेच ते. कळलं एकदाचं. मग, कशासाठी कोण जाणे, त्यांनी इंजिनाचा पंखा बोटानं फिरवला. पिस्टन वरखाली झाले. म्हणजे इंजिन धड होतं. पंखा फिरवत खाली पाहिलं, लांब दांडा फिरत होता. मागचं मोठं दातेरी चाकही फिरत होतं. पण गाडीची चाकं गप्प. त्यांनी डावं चाक धरून फिरवलं. उजवं उलटं फिरायला हवं होतं. हललं नाही.

ते कानाशी गाडी नेऊन पुन्हा चाक फिरवू लागले. आत बारीक टकटक होती, दात दाताला नुसता शिवून सुटत होता.

"बाजूचा दाता आत बसला न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "उजवा दांडा अर्धाच गेलाय."

त्यांनी मागचं चाक ओढून काढलं. खरंच, दांडा दोन सूत बाहेर होता. तो बसवताना उजव्या अंगठ्यात जोर नव्हता, आणि अंगठ्यानं ते कळवलंही नव्हतं. दांड्याचं टोक त्यांनी चौकटीला टेकवलं आणि डाव्या तळव्यानं दाबलं. कट्ट वाजलं. चाक चढवून गाडी ढकलली, तर चारही पिस्टन हलायला लागले.

दस्तगीरभाईंनी गाडी खाली ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. हाजराबी पदराला हात पुसत आली आणि काय झालं म्हणून समोर बसली.

"चूक अंगठ्याची व्हती," ते म्हणाले. "डोक्याची न्हवती."

तिला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं: चिमाजीची जीप, जिभेवर आलेला भलताच शब्द, दीड वर्षाची भीती. सांगताना दोनदा शब्द अडला, ते थांबले, पुन्हा सापडला. हाजराबी ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं मोठा श्वास सोडला.

"मला वाटलं तुमी माझ्यावर रागावलाय," ती म्हणाली. "लई इचार केला, माझं काय चुकलं म्हणून. सापडंना."

दस्तगीरभाईंनी उजवा हात पुढं केला, तिनं तो मांडीवर घेतला आणि अंगठा चोळू लागली. मग तिला हसू आलं, तिच्या हसण्यानं त्यांना आलं, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या दिवशी जिपांचा पहिला नंबर अर्धा तास उशिरा लागला. गेणभाऊंनी घड्याळाकडं पाहिलं, मग मिस्त्रींच्या तोंडाकडं पाहिलं, आणि उशीर का झाला ते विचारायचं राहूनच गेलं.

गाडी टेबलावर तांब्याच्या शेजारी बसली. ड्रायव्हर लोक येता-जाता ढकलून बघत. कोणी काही विचारलं की दस्तगीरभाई आधी ऐकून घेत, जरा वेळ घेत आणि सांगत. कधी नेमक्या वेळी शब्द जिभेवर येत नसे. मग ते घाबरत नसत. गाडी उलटी करून नेमक्या जागेवर बोट ठेवत, ड्रायव्हर मान डोलावे, आणि ते घंटी वाजवून पुढची जीप सोडत. चिमाजीला त्यांनी एकदा बोलावून चहा पाजला आणि त्या दिवशी काय झालं होतं ते सांगून टाकलं. चिमाजी म्हणाला, की क्लचप्लेट तशीही झिजलीच होती. ते खरं होतं की मन राखायला म्हटलेलं, हे दस्तगीरभाईंनी विचारलं नाही.