विहिरीच्या ओळीखालचं टिंब

कागद हातात आला की ते आधी खुर्चीवरून उठायचे. पत्र असो, जाहिरात असो, दुकानाची पाटी असो, बसून कधी वाचायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "वाचणारा उभा असतो हो. त्याला घाई असते." मग लाल पेन्सिल काढून पहिल्या दोन ओळी सरळ खोडायचे आणि तिसऱ्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागायचे.

लोणावळ्यात सगळे त्यांना मजकूरवाले म्हणत. मीही तेच म्हणतो. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते आठवणींचा उमाळा आला म्हणून नव्हे. एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. पण आधी माणूस कसा होता ते तुम्ही पाहा. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. बाजारात माझा लहानसा छापखाना होता. पायाने चालवायचं एक छपाईयंत्र, म्हणजे ट्रेडल, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, खण, आणि पुढच्या ओट्यावर एक टेबल. त्या टेबलाशी मजकूरवाले बसत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. पूर्वी ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. तिथं लोकांचे अर्ज वाचून वाचून त्यांची खात्री झाली की निम्म्या लोकांची कामं अडतात ती पत्रं लांबलचक असल्यामुळे. म्हणून नोकरी सोडली आणि दुसऱ्यांचे मजकूर लिहून देण्याचा धंदा मांडला. कुणाला बांधील नव्हते. वखारवाला, मिठाईवाला, बंगलेवाले, कार्ल्याकडचे शेतकरी, ज्याला लिहायचं असेल तो येई.

वखारवाला एकदा तीन पानी तक्रार घेऊन आला. साष्टांग नमस्कारापासून सुरुवात, मधे घराण्याची अब्रू, शेवटी परमेश्वर. मजकूरवाले उभे राहिले, वाचलं, आणि नवीन कागदावर लिहिलं: "सोमवारी आपण कोळशाची बारा पोती पाठवलीत. अकरा पोहोचली. बारावं कुठं आहे ते कळवावं."

वखारवाला कागदाकडे बघतच राहिला. "एवढंच? आणि माझा राग कुठं गेला?"

"राग घरी ठेवा. आधी पोतं येऊ द्या."

पोतं आलं. राग वखारवाल्याने मग मजकूरवाल्यांवर काढला, पण पुढचं पत्र त्यांच्याकडूनच लिहून नेलं.

मिठाईवाल्याला आपल्या चिक्कीवर 'जगप्रसिद्ध' छापायचं होतं. मजकूरवाल्यांनी शांतपणे विचारलं, "कुठवर गेली आहे आजवर?"

"खंडाळ्यापर्यंत तर जातेच."

"मग 'खंडाळ्यापर्यंत प्रसिद्ध' लिहू."

तो चिडून उठला. त्यांनी हात धरून खाली बसवला, चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला, आणि मग तीन दिवस त्यांनी काही लिहिलंच नाही. चौथ्या दिवशी लिहिलं, "गाडी सुटली की फोडा, पुणं येईपर्यंत पुरते." मी म्हटलं, "तीन दिवस लागले एवढ्याला?" म्हणाले, "पुण्याला जाऊन आलो. पुरते."

असे ते होते. बघितल्याशिवाय लिहायचे नाहीत. कार्ल्याकडचा एक शेतकरी आंबेमोहोर तांदळासाठी मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र लिहून घ्यायला आला. म्हणाला, "तांदूळ लय चांगला हाय, असं लिवा."

"चांगला म्हणजे काय, आबा?"

"आता काय सांगू! घरात भात रांधाया घातला का शेजारीण दारात येऊन इचारती, का वं, आज सण हाय का तुमच्यात?"

मजकूरवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "हे खरं आहे का?"

"या की माज्या घरी. सोता बगा."

ते खरंच गेले. भात रटरटायला लागला तशी शेजारीण आली. तिने विचारलं ते जसंच्या तसं पत्रात गेलं. म्हाताऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ह्ये तर मीच बोललो. मग तुमी काय केलंसा?" मजकूरवाले इतके खूश झाले की दिवसभर येईल त्याला हेच सांगत होते.

आता त्यांची ती रीत. लिहिलेला मजकूर ते माझ्याकडे खिळे जुळवायला देत तेव्हा प्रत्येक ओळीखाली एक लाल टिंब असे. टिंब म्हणजे: ही गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. टिंब नाही ती ओळ जुळवायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. बंगलेवाल्यांच्या जाहिरातींत तर ते खोल्या मोजत, खिडक्या उघडून बघत, एखाद्या पलंगावर आडवे होत. मुंबईच्या काही माणसांना हे इतकं ठाऊक झालं होतं की हवापालटाला जागा बघताना विचारायचे, "मजकूर कुणाचा आहे?"

माझ्या मेहुण्याचा वळवणच्या बाजूला एक बंगला होता. तो स्वतः तळेगावला राहायचा. बंगला उन्हाळ्यात भाड्याने द्यायचा. त्या वर्षी जाहिरात मजकूरवाल्यांनीच लिहिली. आठ ओळी. सातांखाली टिंब होतं. आठवी अशी होती: "विहीर याच उन्हाळ्यात उपसून घेतली आहे, पाणी पिण्यास निर्धास्त." ती मेहुण्याच्या सांगण्यावरून लिहिली होती. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "छापखानेराव, ही ओळ थांबवा. विहीर बघून येतो, मग टिंब देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना हिवताप भरला. दहा दिवस खोलीत पडून होते.

मेहुणा आला. "दाजी, चैत्र लागला. आता नाही छापलं तर मुंबईची माणसं दुसरीकडे जातील."

"विहीर उपसलीस का?"

"माणसं सांगून ठेवलीत. उद्या-परवा उतरतातच. तुम्ही छापा तर खरं."

मी पुढच्या ओट्यावर गेलो. टेबलावर लाल पेन्सिल होती. ते टिंब जरा दाबून देत आणि पेन्सिल उचलताना ती किंचित उजवीकडे ओढली जाई. मी आठव्या ओळीखाली तसंच दिलं. तसंच, अगदी हुबेहूब. ते करताना हात कापला नाही, छातीत धडधडलं नाही, याचाच मला आज सगळ्यांत जास्त धक्का बसतो. मी खिळे जुळवले, छापलं, गठ्ठा बांधून दिला आणि घरी जाऊन जेवलो.

मजकूरवाले काठी टेकत पहिल्यांदा छापखान्यात आले तेव्हा जाहिरात मुंबईत वाटून झाली होती. त्यांनी ती वाचली, उभ्यानेच. मग तारेला अडकवलेला मूळ कागद काढून बघितला.

"हे टिंब मी दिलं?"

"तुम्हीच की."

"विहिरीवर मी गेलो कधी?"

"ताप यायच्या आदल्या दिवशी नाही का गेलात?"

त्यांनी कागद परत तारेला अडकवला. मग हसले. "तापाने डोकं धुऊन काढलं बघा."

मीही हसलो. विहीर उपसली गेली असेल असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र नाही.

वैशाखाच्या शेवटी, भर दुपारी, एक गृहस्थ छापखान्यासमोर येऊन उभे राहिले. अंगात चुरगळलेला कोट, हातात आमची जाहिरात. मुंबईत शाळामास्तर होते. आजारातून उठलेल्या बायकोला हवापालटाला घेऊन आले होते, मेहुण्याच्या बंगल्यात. तिला विषमज्वर झाला आणि आदल्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बघितलं होतं.

हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मग कागद पुढे करून एका ओळीवर बोट ठेवलं. "हे कुणी लिहिलं?"

मी ट्रेडलपाशी उभा होतो.

मजकूरवाले उठले. "मी लिहिलं."

"तुम्ही विहीर पाहिली होती?"

मजकूरवाल्यांनी तारेवरचा कागद पुन्हा काढला, टिंबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहिली असली पाहिजे. टिंब माझं आहे."

त्या माणसाने त्यांना मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त जाहिरातीची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि तो स्टेशनच्या दिशेने निघून गेला.

मजकूरवाल्यांनी तेव्हाच पायांत वहाणा घातल्या. "चला, विहीर बघू." मला नाही म्हणता आलं नाही.

विहिरीवर माळी होता. मजकूरवाल्यांनी विचारलं, ही कधी उपसली?

"उपसली? दोन वरसं झाली, हितं बादलीबिगर काय उतारलं न्हाई. मालक म्हनत्यात, आज करू, उंद्या करू."

मजकूरवाले काठाशी वाकले. खाली हिरवट पाणी होतं, कुजलेला पाला होता, आणि काहीतरी फुगून वर आलेलं, घूस असावी. ते किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक. मला वाटलं तोल जातो की काय. मी दंड धरला तेव्हा ते सरळ झाले आणि म्हणाले, "ही विहीर पाहून मी टिंब दिलं? मग मी पाहिलं तरी काय?"

माळी मधेच म्हणाला, "सायेब, तुमी कवा आलता पर? म्या तर तुमास्नी हितं कदी बगितलं न्हाई."

वाचताय ना तुम्ही? सुटायची वाट त्या माळ्याने उघडून दिली होती. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. मजकूरवाल्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, छापखानेराव. मी आलो होतो?"

मी म्हणालो, "त्या दिवशी माळी बाजाराला गेला असेल."

हे वाक्य माझं आहे. कुणी शिकवलं नव्हतं, आधी ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं, इतकं सहज की माझं मलाच नवल वाटलं. ती बाई माझ्या टिंबाने मेली, त्यात निदान मेहुण्याचा वाटा आहे. पण हे दुसरं मी एकट्याने केलं. एका शहाण्या, धडधाकट माणसाला मी पटवून दिलं की तुझे डोळे बघतात ते खरं नाही आणि तुला आठवतं तेही खरं नाही.

मेहुण्याने पुढच्या आठवड्यात विहीर उपसून घेतली.

मजकूरवाले त्यानंतर महिनाभर येत राहिले. टेबलाशी बसून असत. वखारवाला पत्राला आला तर चार-चारदा विचारत, "पोती बाराच ना? मी मोजली ना? तुम्ही पाहिलंत ना मला मोजताना?" तो बिचारा घाबरून जाई. तांदूळवाले आबा आले तेव्हा म्हणाले, "ती शेजारीण खरंच आली होती का हो त्या दिवशी?" म्हातारा माझ्याकडे बघून कुजबुजला, "ह्यास्नी काय झालंया?" मी म्हटलं, ताप. मग एक दिवस त्यांनी टेबलावरचं सामान पिशवीत भरलं आणि तळेगावला विधवा बहिणीकडे राहायला गेले.

दोन वर्षांनी मी तळेगावला गेलो. सांगायलाच गेलो होतो. स्टेशनपासून चालताना वाक्य जुळवत होतो. पुष्कळ खोडून शेवटी तीनच शब्द उरले होते: "टिंब मी दिलं."

ते घराबाहेर उभे होते, दाराला कुलूप लावत. बहीण गावाला गेली असावी. किल्ली फिरवली, कुलूप ओढून बघितलं, चार पावलं गेले, परत आले, पुन्हा ओढलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. शेजारची बाई धान्य निवडत होती, ती म्हणाली, "भाऊ, वडून वडून तुटंल त्ये एक दिवस. लागलंया म्हनलं ना मगाशी!" त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हात कुलपावरच होता.

तेवढ्यात मी दिसलो. तोंडभर हसले. किती आनंद झाला त्यांना! "छापखानेराव! देवासारखे आलात. जरा एवढं ओढून बघा हो."

मी पुढे झालो, कुलूप ओढलं. पक्कं लागलेलं होतं.

"लागलंय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "तुम्ही सांगितलंत, आता प्रश्न नाही," म्हणाले. "कीर्तनाला निघालोय, उशीर झाला. येता का? नाही? मग पुन्हा या, निवांत." आणि किल्ली खिशात टाकून चालू लागले.

त्याच पावसाळ्यात ते गेले. मला पोस्टकार्ड आलं, बहिणीच्या हातचं, तीन ओळींचं.

त्या दिवशी मी कुलपाशी उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. गल्ली लांब होती. हाक मारली असती तर शेवटपर्यंत ऐकू गेली असती. शेजारच्या बाईने सूप खाली ठेवलं आणि आश्चर्याने मला म्हणाली, "तुमी सांगितल्यावर एकदाबी माघारी फिरलं न्हाईत बगा."