शून्याखाली गेलं तर?

कोणतेही यंत्र समोर ठेवा, शून्यदीदींचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "शून्याखाली गेलं तर?" चेरीतालच्या आपल्या मराठी मंडळींनी त्यावरूनच त्यांना हे नाव ठेवले आणि ते कौतुकाने ठेवलेले नव्हते, हे आज गहिवरून बोलणाऱ्यांनी विसरू नये.

गोहलपुरातील माझ्या कार्यशाळेत शीतगृहांचे तापमान राखणारी यंत्रे तयार होत; त्यांचे प्रोग्राम दीदी लिहीत. कुल्फीवाल्याकडून आणलेल्या डब्यात बर्फ-मीठ कालवून त्यात तापमापक बुडवल्याशिवाय त्या एकही यंत्र बाहेर जाऊ देत नसत. "उणे चिन्ह मानणारी संख्या न मानणारीशी ताडली, की चिन्ह गुपचूप पुसलं जाते, भाऊसाहेब. उणे एकाचे पासष्ट हजार पाचशे पस्तीस होतात!"

त्या पौषात कुल्फीची गाडी बंद, म्हणून बर्फ मिळत नव्हता आणि गिऱ्हाईक दारात बसले होते.

"काहून घाई करून राहिले? दोन दिवस द्या."

"बटाट्याच्या गोदामात हिमालय येणार आहे का, दीदी?" असे म्हणून मी यंत्र पाठवले.

पुढे काय घडले, याची चुकीची कथा गावभर फिरते. दीदींचा प्रोग्राम निर्दोष होता. थंडीची मर्यादा दोन अंशांची. ती कधी उणी होणार नाही, अशा शहाणपणाने यंत्र पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रोग्राममध्ये मी तिला चिन्ह न मानणारी संख्या करून टाकले, त्यांना न विचारता. गोदामातला पारा एकदाच शून्याखाली एक अंश घसरला. मर्यादेशी ताडताना त्या उणे एकाचे पासष्ट हजार झाले. आत वणवा पेटला आहे असे समजून यंत्र थंडी वाढवीतच गेले. बियाण्याचा सारा बटाटा गोठून काळा पडला.

"किसने लिखा है ये?" गोदामाचा मालक कार्यशाळेत येऊन गरजला. मी हातातली फाईल चाळू लागलो. माझी ओळ दीदींनी सकाळीच पाहिली होती.

"प्रोग्राम मेरा है, भैया," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी काम सोडले. जाताना तो डबा माझ्या टेबलावर ठेवला. "आता तुम्हीच बुडवत जा, भाऊसाहेब."

परवा त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने "दीदींची ती एक चूक" पुन्हा उगाळली. मी उभा राहिलो आणि ती ओळ माझी होती, असे स्वच्छ सांगितले. टाळ्या पडल्या. अध्यक्ष भारावून म्हणाले, "पाहा भाऊसाहेबांचं मन! गेलेल्या माणसाची चूकही स्वतःवर घेऊन राहिले."

मी ओरडून "नाही!" म्हणालो, तर टाळ्या वाढल्या. हे ताडून पाहणारी एकच बाई त्या सभेत होती, आणि तिच्या तसबिरीला हार घातलेला होता.