एक दात बदलला की

सहा आठवड्यांपूर्वी कांदिवलीच्या कॉलेजात बारावीला जनुकं शिकवत होते. वर्गाबाहेर आले तर वहिनीचे सात मिस्ड कॉल... राजूदादा गेला. सिकलसेलने शेवटी फुप्फुस गाठलं. माझा सख्खा भाऊ. विक्रोळीत त्याचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं. घरातली पहिली पदवीधर मी, हे दादा गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. पण त्याचा आजार मला खरा कळला तो त्याच्या दुकानातच.

बी.एस्सी.ला असताना ऐटीत सांगायला गेले, "जनुकात एकच अक्षर बदलतं, त्याने प्रोटीनच्या साखळीतला एकच मणी बदलतो. मग हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात."

"म्हणजे चेनचा एक दात चुकीचा, रनर तिथंच अडकणार," हातातली बॅग दाखवत दादा म्हणाला. "एवढं शिकायला तीन वर्षं लागली होय गं?"

आई-बाबा दोघंही वाहक होते. स्वतःला काही त्रास नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. दोघांकडचा तोच बिघाड दादात एकत्र आला. मीही वाहक निघाले. म्हणून माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात, पोहे यायच्या आधीच, दादाने मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट मागितला. घाटकोपरची मंडळी, मूळची आमच्यासारखीच विदर्भातली, तिकडे हा आजार बराच. मुलाचे वडील तडकले, "आपण बौद्ध माणसं, पत्रिका बघत नाही. आणि तुम्ही रक्त मागता?"

"पत्रिका जुळली नाही तर काही होत नाही, काका. हे जुळलं तर पोराची वाट लागते."

मंडळी उठून गेली. मला तो मुलगा, प्रशांत, आवडला होता. मी दादावर भडकले, "तुझ्यासारखं पोर झालं तर काय बिघडलं रे?"

दादा हसला. "माझ्यासारखं पोर झकासच गं. माझ्यासारखं दुखणं नको."

आठ दिवसांनी प्रशांत एकटाच दुकानात आला. रिपोर्ट आणला होता, पण बॅगेची चेन अडकलेली आणि रिपोर्ट आत! मी कापून काढायला निघाले, तर दादाने कात्रीच लपवली. आरामात एकेक दात सरळ करत बसला. "घाई कुणाला आहे? तुम्हाला की हिला, जावईबापू?" माझा जीव टांगणीला आणि हा शीळ वाजवतोय... शेवटी चेन सर्रकन उघडली. कागद त्याने माझ्यापुढे धरला. "वाचा, मॅडम." रिपोर्ट नॉर्मल होता.

ती बॅग आता आमची मुलगी शाळेत नेते. दादाने नीट केलेली चेन अजून अडकलेली नाही. लिफ्ट सोडून ती पाच मजले पळत चढते, दारात येऊन हातपाय न धुताच खायला मागते, आणि तिला धापसुद्धा लागलेली नसते.