सातव्या पायरीवरची बाई

सूर्यभान उमाळेचा आवाज अकोल्यात फुलं विकण्यातच खर्च व्हायचा, पण महादेवरावांनी तो ऐकला. पार्बताबाई, म्हणजे सूर्यभानची आई, मोर्णा नदीच्या काठावरच्या आपल्या वाफ्यातून शेवंती आणि झेंडू काढायची आणि सूर्यभान टोपली घेऊन गल्लीगल्लीत ओरडायचा. त्याचा तो आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाई. महादेवरावांचा तंबूतला सिनेमा होता. कापसाच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या की जठारपेठेच्या बाजूच्या मैदानात ते तंबू ठोकत, आणि हंगाम सरला की अमरावतीला हलत. सिनेमे मुके. अधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत, आणि तंबूतल्या दहा माणसांतल्या नऊ जणांना त्या वाचता येत नसत. म्हणून पडद्याच्या बाजूला उभं राहून पाटी वाचणारा आणि गोष्ट सांगणारा एक माणूस लागे. सूर्यभान चौथी पास होता. महादेवरावांनी त्याच्या हातात वेताची छडी दिली आणि म्हणाले, "उद्यापासून फुलं मायले विकू दे. तू इथं बोल."

ही सन १९२८ मधली गोष्ट. त्यानंतर दोन वर्षं सूर्यभान बोलत होता. राक्षस आला की घसा खरडून, राणी आली की बारीक आवाजात. दिवसा तो नगरवाचनालयात जाऊन बसे. तिथले ग्रंथपाल वामनराव फार शिस्तीचे. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर त्या माणसाला महिनाभर पुस्तक देत नसत. पण सूर्यभान पुस्तकाला हात लावण्याआधी धोतराला हात पुसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनीच त्याला 'सातवी पायरी' ही कादंबरी दिली.

भयकथा होती. एका पाटलाची सून, यमुना, पायऱ्यांच्या विहिरीत सातव्या पायरीवरून पाय घसरून बुडते. मागे पाळण्यातलं पोर. मग प्रत्येक अवसेला सकाळी घराच्या दारापासून विहिरीपर्यंत ओली पावलं उमटलेली दिसतात. पावलांची बोटं विहिरीकडे. घरातलं कोण उठून विहिरीवर जातं? सगळे एकमेकांकडे संशयानं बघू लागतात. शेवटी कळतं, की घरातून कुणी विहिरीवर जात नाही, विहिरीतून कुणीतरी घरी येतं. तिचे पाय उलटे असतात, एवढंच. सूर्यभानने ती कादंबरी चार वेळा वाचली. चौथ्या वेळीही एकशे बाराव्या पानावर त्याच्या अंगावर काटा आला.

त्या कादंबरीवर सिनेमा निघाल्याचं कळल्यावर तो महिनाभर महादेवरावांच्या मागे लागला. "मालक, लोक खुर्च्या सोडून पळतीन. माह्यावर भरोसा ठेवा." महादेवरावांनी भरोसा ठेवला. फिल्मचे डबे आले. मंगळवारी पहिला खेळ लागला.

विहीर पुठ्ठ्याची होती. यमुना तिला टेकली की विहीर हलायची. आकाशातला चंद्र दोरीला लटकलेला, वाऱ्यानं गोल फिरायचा. भूत अंगणात येतं तेव्हा कुठूनसं एक कुत्रं पडद्यात शिरलं आणि भुताच्या पायाशी शेपूट हलवत बसलं. हे सगळं लोकांनी चालवून घेतलं असतं. पण यमुना विहिरीतून वर आली, ओल्या पायांनी घराकडे चालू लागली, आणि तिचे पाय तुमच्या-आमच्यासारखे सरळ होते. मागे उमटलेली पावलंही घराकडे तोंड करून. त्यावर पाटी आली, ती सूर्यभानने थरथरत्या आवाजात वाचली: "पावलं विहिरीकडे गेलेली! घरातून कोण गेलं?"

"कोनी नाई गेलं बे!" मागून आवाज आला. "बाई घरी चालली. दिसून नाई राह्यलं काय तुले?"

"हडळ हाय का शेजारीन? पाय तर सीदे हायेत!"

तंबू हसला. पडद्याशेजारी पेटी वाजवणाराही हसला आणि त्याचा सूर चुकला. सूर्यभान छडीनं पडद्यावरच्या पावलांची बोटं दाखवत राहिला. जितकी दाखवली तितकं हसू वाढलं.

खेळ संपल्यावर महादेवराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "सूर्यभान, हे पिच्चर तू आनलं. शनिवारपावतर चाललं तर ठीक. नाई तर रविवारी डबे वापस, अन् मी तो नागपूरवाला सांगनारा बोलावतो. तो कवाचा मांगं लागला हाय. मंग तू अन् तुही शेवंती."

बुधवारी सूर्यभानने आवाज चढवला. लोकांनी त्याहून चढवला. एकानं भुताला पत्ता विचारला.

आता खरं सांगायचं तर सूर्यभानलाही सिनेमातल्या चुका दिसत होत्या. कादंबरी चार वेळा वाचलेल्या माणसाला त्या जास्तच दिसणार. संशयाचा सगळा खेळच त्या सरळ पायांनी बुडवला होता. तरीही त्या पिच्चरवर त्याचा जीव जडला होता. यमुना पाळण्याजवळ येते आणि उभी राहते, तेवढ्या एका जागेसाठी. ती हात पुढे करते, हात ओला आहे हे तिच्या लक्षात येतं, आणि ती तो लुगड्याला पुसते. लुगडंही ओलंच. मग ती पोराला हात न लावता नुसती बघत राहते. हे कादंबरीत नव्हतं. कुणा नटीनं आपल्या मनानं केलेलं असावं. दर खेळाला तिथे सूर्यभान बोलायचा थांबे, आणि नेमकं तिथेच कुणीतरी हसे.

गुरुवारी पार्बताबाई पिच्चर बघायला आली. दोन वर्षांत ती कधी आली नव्हती. लोक आपल्या पोराला हसतात हे बाजारात तिच्या कानावर आलं होतं. ती बायकांच्या बाजूला, कनातीमागे बसली आणि खेळ संपल्यावर पोरासाठी न थांबता घरी गेली.

शुक्रवारी सकाळी ती ओट्यावर शेवंतीच्या माळा ओवत होती. सूर्यभान समोर बसून चहा पीत होता. चहा केव्हाच निवला होता.

"माय, सांग ना. तूबी हासली काय?"

"मी काहून हासू? हासासारखं काय होतं त्याच्यात?"

"पाय सीदे हायेत तिचे."

"मंग?" पार्बताबाईनं दोरा दातानं तोडला. "लेकराजवळ चालली ना ते? उलटे पाय घेऊन गेली असती त लेकरू भेलं नसतं? तिनं वळवले असतीन."

"वळवले?"

"जोर लावून. दुखलं असीन तिले." तिनं दुसरी माळ घेतली. "तुह्या पाठचं लेकरू गेलं तवा मी तापात होती. मले उठू देत नव्हते. मी भिंत धरू धरू गेली होती पाह्याले. जाता येते, बापा. चहा पी."

सूर्यभानने चहा प्यायला नाही. तो उठून वाचनालयाकडे निघाला, अर्ध्या वाटेवरून परत फिरला, पुन्हा निघाला, आणि शेवटी गेलाच नाही. वामनरावांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं ते त्याला ठाऊक होतं. कादंबरीत पाय उलटे आहेत. पाटीवर कादंबरीतलीच वाक्यं आहेत. पाटी आहे तशी वाचायची, हा त्याचा स्वतःचा नियम होता. ज्यांना वाचता येत नाही ते आपल्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतात, म्हणून पाटीतला शब्दही बदलायचा नाही. दोन वर्षांत त्यानं तो कधी बदलला नव्हता.

संध्याकाळी तंबूत निम्मीच माणसं होती, आणि त्यांतली अर्धी हसायला आलेली. पहिल्या रांगेत एका टोकाला वामनराव बसले होते, मांडीवर छत्री आडवी. ते हा पिच्चर तिसऱ्यांदा बघत होते. कादंबरीतलं कुठे काय गाळलं आहे ते त्यांना पाठ झालं होतं.

यमुना विहिरीतून वर आली. मागच्या बाकावरचे सावरून बसले. पावलं उमटली आणि पाटी झळकली. सूर्यभानने छडी खाली टेकली.

"अवसेच्या बाईचे पाय उलटे असतात," तो म्हणाला. आज त्यानं घसा खरडला नाही. फुलं विकताना शेजारणीशी बोलावं तसा बोलत होता. "यमुनेचेही होते. पण पायरीवर बसून तिनं ते एक एक करून वळवले. लेकरानं भिऊ नये म्हणून. पाहा, कशी चालून राह्यली. प्रत्येक पावलाले कळ लागते."

पडद्यावर ती नटी ओल्या लुगड्यात पाय अडकून अडखळत चालत होती. तीन दिवस लोक त्या अडखळण्याला हसले होते.

"ओ, पाटीवर असं नाई लिवलं!" बाकावरून एक शिकलेला ओरडला.

"नाई लिवलं," सूर्यभान म्हणाला. "पाटी लिवनाऱ्यानं बाई पाह्यली नाई. तुमी पाहा."

आणि लोकांनी पाहिलं. कुत्रं पडद्यात आलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, "घरचंच कुत्रं. त्यानं वळखलं." कुणीही हसलं नाही. पाळणा आला. ओला हात ओल्या लुगड्याला पुसला गेला. कनातीमागे बांगड्या वाजल्या, कुणीतरी नाक ओढलं, मग दुसरं कुणीतरी. पेटीवाल्यानं आपणहून पेटी थांबवली.

मग यमुना परत निघाली. शेवटी पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, नुसत्या पायऱ्या आणि काळं पाणी. एरवी इथे लोक उठून चपला शोधू लागत. सूर्यभान मोजू लागला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. आवाज प्रत्येक पायरीला खाली उतरत होता. सातवीवर तो थांबला. पाणी हललं.

"आता," तो अगदी हळू म्हणाला, "पाय पुन्हा वळले."

सगळा तंबू एकदम किंचाळला. मघाचा तो शिकलेला बाकावरून मागे पडला आणि सोबत आणखी दोघांना घेऊन गेला. कनात एका बाजूनं निखळली. महादेवराव धावत आत आले. कुठे आग लागली असं त्यांना वाटलं.

चंद्राचं मात्र सूर्यभानला काही करता आलं नाही. तो शेवटपर्यंत दोरीवर फिरत होता. पण वर बघायला कुणाला सवड नव्हती.

माणसं पांगल्यावर वामनराव तिथेच बसून होते. सूर्यभान त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. महिनाभर पुस्तक बंद, हे तो धरूनच चालला होता.

"हे पुस्तकात नाही," वामनराव म्हणाले.

"नाई जी."

"पाटीवरही नव्हतं."

"नव्हतं जी. म्या आयुष्यात पयल्यांदा पाटी खोटी वाचली."

वामनरावांनी छत्री उचलली, तिच्या टोकावरची माती झटकली. "एकशे बाराव्या पानावर असायला हवं होतं," ते म्हणाले. "लेखकाला सुचलं नाही. तुला कसं सुचलं?"

"मले नाई सुचलं. मायले सुचलं. तिले वाचता येत नाई."

वामनराव छत्री टेकून उठले. मग म्हणाले, "उद्या त्यांना पुढे बसव. कनातीमागून पाय नीट दिसत नाहीत."

शनिवारी तंबूबाहेर रांग लागली. डबे रविवारी परत गेले नाहीत, पुढचे दोन रविवारही गेले नाहीत. बायका शेजारणींना घेऊन येऊ लागल्या आणि पुरुष भ्यायला येऊ लागले. नागपूरवाल्याला महादेवरावांनी पत्र घातलं नाही. तंबू अमरावतीला हलला, तेव्हा सूर्यभानच्या सोबत पार्बताबाईही आगगाडीनं गेली, शेवंतीची टोपली मांडीवर घेऊन. पोराचं बोलणं आणखी एकदा ऐकायचं होतं तिला. तिथेही लोक सातव्या पायरीवर किंचाळले. तिनं मात्र डोळे मिटले नाहीत.

पुढे बोलपट आले आणि पडद्याला स्वतःचं तोंड फुटलं. सांगणाऱ्यांची गरज संपली. सूर्यभान वरूडकडे शेंदूरजनाघाटला गेला. तिथल्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांना बोली पुकारायला असाच एक आवाज हवा होता. दुपारी पेट्या भरणाऱ्या बाया विसाव्याला बसत आणि त्याला गोष्ट सांगायला लावत. पडदा नसे, पेटीचा सूर नसे. तो मात्र पुठ्ठ्याच्या हलणाऱ्या विहिरीसकट सगळं सांगे, फिरणाऱ्या चंद्रासकट. बाया हसत. तो हसू देई. त्याला ठाऊक होतं, पुढे पाळणा यायचा आहे.