भित्रा दशरथ

दशरथ भित्रा होता, हे त्याच्या बायकोइतकं, प्रेमलाइतकं कुणाला माहीत नव्हतं. सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्या उपसणाऱ्या टोळीचा तो मुकादम. झाकण उघडलं की स्वतः लांब उभा राहायचा. आधी ब्लोअर लावून आतला गॅस बाहेर काढायचा, मगच माणूस उतरवायचा. ब्लोअर नाही तर काम नाही.

ठेकेदार अभयशेठ वैतागायचे. "दशरथ, टाकी साफ करतोस की सत्यनारायण घालतोस?"

"तुम्ही उतरा शेठ, मी आलोच तुमच्या मागं."

त्या दिवशी कात्रजच्या सोसायटीत ब्लोअर बंद पडला. दशरथ दुसरा आणायला गेला. तेवढ्यात शेठनी टोळीतल्या साईनाथला उतरवलं. दशरथ येऊन बघतो तर साईनाथ तळाशी आडवा. जन्मभर दुसऱ्यांना अडवणारा हा माणूस, नाकाला रुमालसुद्धा न बांधता आत गेला. साईनाथला वर ढकललं आणि स्वतः खाली राहिला.

"शेठच म्हणाले उतर," दवाखान्यात साईनाथ प्रेमलाचे पाय धरून रडला होता. "मी चारचौघांत सांगीन, वहिनी."

पोलिसांना शेठनी सांगितलं होतं, मुकादम आपणहून उतरला. म्हणजे चूक मेलेल्याची. आता खरं सांगणारा एक साईनाथच होता.

जलदान विधीला दारात फ्लेक्स लागला. 'शूरवीर दशरथ यांना अभिवादन.' दशरथचा फोटो आधार कार्डावरचा. हात जोडलेले अभयशेठ त्याच्या दुप्पट. भंतेजींनी पंचशील दिलं. प्रेमलानं डोळे मिटून एकेक शील म्हटलं. मग साईनाथ माईकपाशी गेला.

"दादा वाघ होते. कुणाचं न ऐकता उडी घातली."

शेठनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही.

प्रेमला बसल्या जागेवरून म्हणाली, "साईनाथ, आत्ताच पंचशील घेतलंस ना? खोटं न बोलण्याचं तेवढं गिळलंस काय?"

"खोटं कुठं बोललो, वहिनी? दादा आपणहूनच उतरले."

"आणि तू?"

तो माईकच्या वायरशी चाळा करत राहिला. शेठनी माईक काढून घेतला. "वहिनी दुःखात आहेत, बसवा त्यांना. दादांच्या जागी आता साईनाथ मुकादम. हीच खरी श्रद्धांजली."

बायकांनी तिच्या हातात तांब्या दिला. गाथा सुरू झाल्या. गेलेल्याला पुण्य पोचावं म्हणून ती पाण्याची धार सोडू लागली, आणि मनात त्यालाच बोलत राहिली. 'तुमचं तत्त्व होतं ना? मग मोडलंत कुणासाठी?'

जेवणाच्या वेळी साईनाथ ताट घेऊन आला. "मला दोन लेकरं आहेत, वहिनी."

"त्यांनाही होती. ठेव ताट." प्रेमलानं त्याच्याकडे पाहिलं नाही. "उद्या कुणाला टाकीत उतरवशील, तेव्हा 'दादा नाही घाबरले' असं सांगून उतरवू नकोस. ते रोज घाबरायचे. म्हणून तू इतकी वर्षं जिवंत राहिलास."

साईनाथ ताट ठेवून निघून गेला. शेठ गाडी चालू करून त्याची वाट बघत होते.