पसाभर कोंडा

पोलादपूरच्या वर डोंगरउतारावर एक वाडी आहे. १९५४ साली मी तिथल्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. शाळा देवळाच्या पडवीत भरे. चार वर्षांचा एक गुटगुटीत मुलगा तिथे खेळायला येई. तो पडला, की समोरच्या अंगणात भात पाखडणारी बयाबाई झटकन उठे आणि पुन्हा खाली बसे. मग शेजारच्या घरातून प्रयागबाई सावकाश येऊन त्याला उचली.

हे दोनचारदा पाहिल्यावर मी बयाबाईच्या नवऱ्याला, भागोजीला, विचारलं.

"पोर आमचंच हाय, गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला. "पन तसं बोलायचं नाय."

बयाबाईची पहिली तीन मुलं वर्षाच्या आत गेली होती. अशा घरी चौथं मूल जगावं म्हणून वाडीत एक रीत होती. बारशाआधी मूल सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि दुसऱ्या बाईने पसाभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. आता मूल तिचं झालं, म्हणजे मरण शोधत आलं तर पहिल्या आईच्या घरी त्याला काही सापडणार नाही. पाच वर्षं सरली, की देवीच्या जत्रेला तेवढाच कोंडा परत देऊन मूल घरी आणायचं. म्हणून त्याचं नाव कोंडाजी.

प्रयागबाईला मूल नव्हतं. तिचा नवरा महिपती जमीनदार माणूस, पण मागे कोणी नव्हतं. कोंड्याचा व्यवहार झाला तेव्हा सुईण ठकूबाई हसत म्हणाली होती, "नीट बघून घे गो प्रयागे. मागनं माल खोटा बोललीस तर परत नाय घेनार."

"परत कोन देतंय," प्रयागबाई म्हणाली, आणि जमलेल्या सगळ्या बाया हसल्या. बयाबाईसुद्धा.

पाजायला बयाबाईच जाई, पण दाई म्हणून. मुका घ्यायचा नाही, माझा म्हणायचं नाही. दूध तुटल्यावर तेवढंही जाणं संपलं. मूल तिला काकी म्हणू लागलं. एकदा त्याला खरूज झाली, तेव्हा दोघी त्याला सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेल्या. महाडपासून पुढे त्याला कडेवर बयाबाईनेच नेलं. कुंडावरची एक बाई म्हणाली, "तुझ्यावानीच हाय गो नाकानं."

"माझं नाय," बयाबाई म्हणाली. "हिचं हाय." आणि मूल प्रयागबाईच्या हातात देऊन ती लांब जाऊन बसली. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं की त्या दिवशी तिला आनंद झाला होता. आपण चुकलो नाही, रीत मोडली नाही, याचा.

पाच वर्षं सरली. १९५५च्या चैत्रात जत्रेच्या सकाळी बयाबाई नवं लुगडं नेसून सुपात कोंडा घेऊन शेजारी गेली. मी पडवीतच होतो.

प्रयागबाई दारात उभी राहिली. तिने सूप हातात घेतलं नाही.

"घेऊन जा की. मी कुठं नाय बोलते? पन येक इचार कर. तीन तुझ्या हाताखाली गेली. ह्यो माझ्या हाताखाली पाच वर्सं जगला. आज नेलास नि आखाडात तापानं फनफनला, तर मला बोल लावू नको."

बयाबाईने पुढे केलेलं सूप मागे घेतलं. मग म्हणाली, "पुढल्या सालाला नेते."

"तुझी मर्जी," प्रयागबाई म्हणाली, आणि आत गेली.

पुढच्या साली जत्रेआधी महिपती मुलाचं नाव घालायला शाळेत आला. मी वडिलांचं नाव विचारलं.

"माझंच लिवा. सगळी वाडी तेच बोलते."

मला खरं ठाऊक होतं. पण मी तिथे नवा होतो, पडवीत शाळा भरायची ती महिपतीच्या शब्दाने, आणि नंतर दुरुस्ती करता येईल असं मला वाटलं. मी लिहिलं. दुपारी बयाबाई पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. काय लिहिलं ते मी वाचून दाखवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "कागदावर बी मरनाला गावनार नाय त्यो."

भागोजीला मात्र ते बरं वाटलं नाही. तो महाडला एका वकिलाकडे गेला. वकिलाने विचारलं, मूल आपल्या हाताने दिलंत? चारचौघांसमोर? त्यांनी घेतलं? शाळेतही त्यांचंच नाव? मग हे दत्तकच झालं.

"पन साहेब, ते मरनाला फसवायला व्हतं," भागोजी म्हणाला.

"ते कोर्टात कसं सांगणार?" वकील म्हणाला.

दत्तक म्हणजे काय हे बयाबाईला त्या संध्याकाळी कळलं. पुढची दोन वर्षंही ती सूप घेऊन गेली. प्रयागबाई तेच बोलली आणि बयाबाई तशीच परत आली. तिसऱ्या वर्षी ती गेली नाही.

१९५९च्या आश्विनात भात कापताना भागोजीला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे कोणी तोंडाने म्हणत नाही. दुपारपर्यंत तो गेला. प्रेत अंगणात होतं. आग कोण देणार म्हणून माणसं कुजबुजू लागली, तशी बयाबाई उठली, घरातून सुपात कोंडा घेतला आणि महिपतीच्या दारात गेली. आम्ही सगळे पाहत होतो.

कोंडाजी नऊ वर्षांचा होता. माझ्या वर्गात गणितात सगळ्यांत हुशार. तो उंबऱ्याच्या आत उभा होता.

"बाळा," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "मी तुझी आई हाय. तुझा बापूस गेला. चल."

मुलगा भिंतीपर्यंत मागे सरकला. त्याला सगळं माहीत होतं. प्रयागबाईने त्याला सगळं सांगून ठेवलं होतं, आपल्या परीने.

"काकी, तू तसं बोलू नको," तो म्हणाला. "तू ज्यांना बाळा बोललीस ती मेली. मी तुझ्या पाया पडतो. मला नको बोलावू."

तो खरोखरच जमिनीवर डोकं टेकून रडू लागला. बयाबाईने सूप खाली ठेवलं नाही, सांडलंही नाही. ते घेऊन ती परतली आणि कोंडा गोठ्यात म्हशीपुढे ओतला. भागोजीला आग त्याचा पुतण्या हैबती याने दिली. सुतकात कोंडाजी एक दिवसही शाळेला चुकला नाही. हजेरी मीच मांडत होतो.

१९६१ साली जनगणनेचं काम माझ्याकडे आलं. बयाबाईच्या अंगणात बसून मी विचारलं, घरात माणसं किती.

"मी येकटी."

मी लिहिलं. कागद आवरत होतो, तशी ती म्हणाली, "पोरांचं नाय इचारलाव?"

"तो रकाना नाही, बयाबाई."

"तरी लिवा. तीन झाली. तिन्ही गेली."

तेवढ्यात वाटेवरून कोंडाजी म्हशी घेऊन आला. अकरा वर्षांचा, खांद्यावर काठी, चांगला भरलेला. आपली नजर त्याच्यावर पडू नये म्हणून बयाबाईने पदर पुढे ओढला, आणि शेवटची म्हैस वळणाआड जाईपर्यंत मान खाली घालून बसली.

"गेला काय?" तिने मला विचारलं.

"गेला," मी म्हणालो.